मुक्या प्राण्याचे ऋण



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी प्रभुभोजनाची उपासना चालू असता आमच्या ध्यानात आले की, मंडळीतील एक तरुण मेजाजवळ आलाच नाही. मुलगा सरळ वळणाचा, युवक संघात पुढे असणारा, बेळगावला औषधनिर्माणशास्त्राचे वरचे शिक्षण घेत असलेला. उपासना संपल्यावर आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारले. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, या आठवड्यात मी चोवीस उंदीर मारले. त्याच हातांनी भाकर कशी घेऊ?"

त्याच उपासनेत स्त्रियांच्या बाजूला निपाणीची एक भगिनी बसली होती. तीस वर्षे मांडीवर सूप घेऊन तिने बिड्या वळल्या. पाठ-कंबर दुखे, तेव्हा दुकानातून अंगदुखीची गोळी आणून ती गिळायची आणि पुन्हा बसायचे. रक्तदाब वाढला आहे हे कोणी मोजलेच नाही. आज तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा पहाटेची गाडी धरून कोल्हापूरला जायचे, चार-चार तास यंत्राला लावून रक्त शुद्ध करून घ्यायचे आणि दिवेलागणीला गळून घरी यायचे, असा तिचा क्रम आहे. त्या दिवशीच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाळकसाहेबांनी तिचे नाव घेतले होते.

त्या तरुणाचे चोवीस उंदीर याच दुखण्याच्या औषधाच्या शोधात मेले होते. एकाच छपराखाली ती बरी व्हावी म्हणून आम्ही प्रार्थना करीत होतो आणि तिच्यासारखी माणसे बरी व्हावीत म्हणून राबणारा तरुण स्वतःला अशुद्ध समजून मागे बसला होता. रोग्याच्या भल्यासाठी मुक्या प्राण्याला रोगी करणे आणि मारणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात उत्तर देऊन सुटका करून घेता येईल, असे आम्हास वाटत नाही.

प्रथम हे काम काय आहे ते समजून घेऊ. माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्र म्हणून बाहेर टाकतात. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, मुतखड्याचा अडथळा, औषधांचा अतिरेक, कारण कोणतेही असो, इजा होत राहिली की तेथे दाह होतो. दाह शमला नाही तर शरीर ती जागा भरून काढू पाहते आणि तेथे राठ, तंतुमय वण धरतो. हातावरच्या जखमेचा वण आपले काही बिघडवीत नाही. मूत्रपिंडातला वण मात्र गाळू शकत नाही. गाळण्या एकेक करून मुकाट्याने बंद पडत जातात, आणि दुखणे कळते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. एकदा पडलेला असा वण पुसून टाकील असे औषध अजून निघालेले नाही. वैद्यकाला आज साधते ते एवढेच की, दाह आवरावा आणि नवा वण पडण्याचा वेग कमी करावा.

अशा औषधाच्या शोधासाठी उंदरांमध्ये तोच रोग मुद्दाम उत्पन्न करतात. कधी भूल देऊन एका बाजूची मूत्रवाहिनी बांधून टाकतात, की एक-दोन आठवड्यांत त्या बाजूच्या मूत्रपिंडात वण दिसू लागतो. कधी खाद्यात अ‍ॅडेनिन नावाचे द्रव्य मिसळतात. कधी मूत्रपिंडांचे सहापैकी पाच भाग काढून टाकून उरलेल्या एका भागावर साऱ्या देहाचा भार घालतात. मग काही उंदरांना औषध देतात, काहींना देत नाहीत. शेवटी सर्वांना मारून मूत्रपिंडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आमचा तरुण एका वनस्पतीचा अर्क तपासत होता.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. मूत्रपिंड हा शब्द आपणास नवा वाटला, तरी शास्त्राला हा अवयव नवा नाही. लेवीयाच्या तिसऱ्या अध्यायात शांत्यर्पणाच्या पशूचे दोन्ही गुरदे वेदीवर जाळावेत अशी आज्ञा आहे. देव मनुष्याचे अंतर्याम पारखतो असे यिर्मयाच्या सतराव्या अध्यायात आपण वाचतो, तेथेही मूळ इब्री शब्दाचा अर्थ गुरदे असाच आहे. मनुष्याच्या अगदी आतले, देवाखेरीज कोणाला न दिसणारे ठिकाण म्हणजे गुरदे, असे प्राचीन इब्री लोक मानीत. पशूचा आणि माणसाचा हा अवयव एकाच शब्दाने ओळखला जातो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. उंदराचे मूत्रपिंड आपल्या मूत्रपिंडासारखे चालते, म्हणूनच तर उंदरावर प्रयोग होतो. परंतु ते सारखेपण औषधापुरते मान्य करायचे आणि वेदनेच्या वेळी विसरायचे, हा न्याय नव्हे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने मनुष्याला प्राण्यांवर सत्ता दिली, हे खरे. पण ती सत्ता मालकाची नाही, कारभाऱ्याची आहे. जलप्रलयानंतरचा करार देवाने नोहाशी आणि त्याच्याबरोबरच्या प्रत्येक सजीव प्राण्याशी केला. शब्बाथाचा विसावा बैलाला आणि गाढवालाही दिला. मळणीच्या बैलाला मुसके घालू नये असे अनुवादात सांगितले. निनवेची दया आली तेव्हा देवाने योनाला तेथल्या माणसांबरोबर गुराढोरांचीही आठवण करून दिली. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात तर नीतिमान माणसाची एक खूण अशी दिली आहे की, तो आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो.

आणि प्रभू येशूने चिमण्यांविषयी जे सांगितले, ते आपण शब्बाथशाळेत लहानपणीच शिकतो. मत्तयात एका नाण्याला दोन चिमण्या आहेत; लूकात दोन नाण्यांना पाच. म्हणजे चार घेतल्या तर पाचवी वरकड, फुकट. त्या बिनमोलाच्या पाचवीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू म्हणतो. त्याच ठिकाणी, तुमचे मोल पुष्कळ चिमण्यांपेक्षा अधिक आहे, असेही तो शिष्यांना सांगतो. यापैकी एकच अर्धे वाक्य घेऊन चालणारे दोन पक्ष आज दिसतात. एक म्हणतो, मनुष्य अधिक मोलाचा, तेव्हा प्राण्याचे काहीही करा. दुसरा म्हणतो, जीव तेवढा सारखा, तेव्हा उंदराला हात लावू नका. प्रभूने दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या. मनुष्याचे मोल अधिक आहे. पण म्हणून चिमणीचे मोल शून्य होत नाही.

पहिल्या गोष्टीचे वजन किती, हे इतिहासात पाहावे. १९३७ साली अमेरिकेत एक पातळ औषध बाजारात आले. ज्या द्रव्यात ते विरघळवले होते ते डायएथिलीन ग्लायकॉल विषारी असते. विकण्यापूर्वी ते प्राण्यांवर तपासले गेले नाही. शंभरावर माणसे, त्यांत पुष्कळ मुले, मूत्रपिंडे बंद पडून मेली. पुढच्याच वर्षी तेथे विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता सिद्ध करण्याचा कायदा झाला. हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून गेले आणि चौदा रुग्ण दगावले. त्या प्रकरणी न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता. झाडपाल्याचे औषध म्हणजे निर्धोक, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका वनस्पतीच्या जागी दुसरीच गेली. शंभरावर लोकांच्या, बहुतेक स्त्रियांच्या, मूत्रपिंडांत वण भरले; कित्येकींना यंत्राचा किंवा दुसऱ्याच्या मूत्रपिंडाचा आधार घ्यावा लागला. पुढे त्याच वनस्पतीतील आम्ल सशांना व उंदरांना दिले, तेव्हा तोच वण त्यांच्यातही दिसला. प्रयोग जनावरांवर झाला नाही, तर तो होतच नाही असे नाही. तो नकळत माणसांवर होतो, आणि बहुधा गरिबांवर होतो.

चांगले फळही पदरी पडले आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाचा थोडाच भाग उरलेल्या उंदरांत पाहिले की, उरलेल्या गाळण्यांवर दाब वाढतो आणि त्या दाबानेच त्या नासतात. एनालाप्रिल नावाच्या औषधाने तो दाब उतरला आणि वण कमी पडला. त्याच वर्गातले कॅप्टोप्रिल मधुमेहाच्या ४०९ रोग्यांमध्ये तपासले गेले आणि १९९३ साली निष्कर्ष आला की, मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांपैकी काहीतरी ओढवण्याचा धोका निम्म्यावर आला. वाचकहो, आपल्या घरातील रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पाहा. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असेल, तर त्या उंदरांचे काही देणे आपल्या घरातही आहे.

आपल्या बेळगावला तर हे ऋण जुने आहे. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो सर्वांना ठाऊक आहे. एके काळी तेथे देवीची लस तयार होई. त्या काळी आपल्या देशात ही लस वासरांच्या, रेडकांच्या, मेंढ्यांच्या कातडीवर वाढवीत. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. आमच्या आईवडिलांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. तो पाहताना कोणा वासराची आठवण आम्हांपैकी कोणाला झाली असेल, असे वाटत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उंदरात जे साधते ते माणसात साधतेच असे नाही. १९९० साली असे दिसले की, वण वाढवणारे एक द्रव्य अडवले तर आजारी उंदरांच्या मूत्रपिंडात वण कमी पडतो. त्या धर्तीवरचे औषध मधुमेही रोग्यांना दिले, तेव्हा लाभ दिसेना, म्हणून ती चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. तो अहवाल २०१७ साली आला. दाह शमवणाऱ्या बार्डोक्सोलोन नावाच्या औषधाची मोठी चाचणी २,१८५ रोग्यांमध्ये चालू होती. हृदय कमजोर होऊन रोगी दगावू लागले, म्हणून २०१२ साली ती बंद करावी लागली. कारण उघड आहे. उंदीर तरुण, एका वंशाचा, एका पिंजऱ्यातला; त्याचा रोग दोन आठवड्यांत घडवलेला. निपाणीच्या आमच्या भगिनीचा रोग वीस-तीस वर्षांच्या कष्टांत, दुखण्यांत आणि गोळ्यांत वाढलेला. तेव्हा प्रयोग हा ज्ञानाचा एक अंधुक दिवा आहे. ज्या प्रयोगाची आखणीच कच्ची, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक, जो पदवीपुरता करून प्रबंध कपाटात ठेवायचा, त्यात मेलेल्या प्राण्याच्या वेदनेचा कोणालाच लाभ होत नाही. ते क्रौर्यच होय, मग त्यावर विद्येची शाल पांघरा किंवा सेवेची.

त्या तरुणाने आम्हास आणखी एक गोष्ट सांगितली. प्रयोगशाळेत "मारले" असे म्हणत नाहीत. "आज सहा सॅक्रिफाइस केले" असे म्हणतात. म्हणजे बळी दिले, अर्पण केले. हा शब्द ऐकून आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत राहिलो. ख्रिस्ती माणसाने हा शब्द सहज उच्चारू नये. उंदराने स्वतःला अर्पण केलेले नसते. त्याला कोणी विचारलेले नसते. आणि पशूंच्या रक्ताने पाप निघत नाही, एकाच अर्पणाने ते कार्य सदाकरिता झाले, हे इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात स्पष्ट आहे. प्रयोगशाळेचे मेज ही वेदी नव्हे.

तरी जुन्या करारातील अर्पणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, अर्पण करणारा पशूच्या डोक्यावर स्वतःचा हात ठेवी. हा मरतो आहे तो माझ्यासाठी, हे त्याला आपल्या तळव्याला त्या जिवाची ऊब लागत असताना कबूल करावे लागे. दुसरी गोष्ट २ शमुवेलाच्या शेवटच्या अध्यायात आहे. अरवनाने खळे, बैल, लाकडे सर्व फुकट देऊ केली, तेव्हा दाविदाने ती नाकारली. ज्यासाठी स्वतःला काही खर्च आला नाही ते देवाला वाहणे त्याला पटले नाही. आपले आज नेमके उलट झाले आहे. हात ठेवायचे काम आपण विद्यार्थ्यावर सोपवले आहे, औषध आपण घेतो, आणि दोष लागलाच तर तो त्याच्या हातांना लागतो!

म्हणून आम्ही त्या तरुणाला सांगितले की, "बाळ, ते हात तुझ्या एकट्याचे नाहीत. गोळी घेणाऱ्या प्रत्येकाचा हात त्या पिंजऱ्यावर आहे. तू मेजापासून दूर राहणार असशील, तर आम्हा सर्वांनाच राहावे लागेल. तुझे मन दुखते हे देवाचे देणे आहे. ते दुखेनासे होईल, त्या दिवशी मात्र भिऊन राहा."

मग या ऋणाची फेड कशी करावी? प्रयोग करणाऱ्याची वाट बरीचशी आखलेली आहे. आपल्या देशाचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो की, शक्य तेथे प्रयोग टाळावा, लहान प्राण्याने भागत असेल तर मोठा घेऊ नये, वेदनेच्या प्रयोगात भूल द्यावी, आणि हाताला सराव व्हावा एवढ्यासाठी प्राण्याला कापू नये. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी मांडल्या: प्राण्याऐवजी दुसरा उपाय असेल तर तो घ्यावा, संख्या कमी करावी, वेदना कमी करावी. आज माणसाच्या पेशी वाढवून त्यांवर तपासण्या होऊ लागल्या आहेत, आणि २०२३ साली भारताच्या नियमांतही प्राण्यांवाचूनच्या अशा पद्धतींना जागा मिळाली आहे. ही वाट रुंद व्हावी अशी प्रार्थना आपण करावी. याला आम्ही एकच जोड देऊ: प्रयोग फसला तर तसे लिहावे. फसलेला प्रयोग लपवला, तर उद्या दुसरा विद्यार्थी त्याच अर्कासाठी पुन्हा चोवीस उंदीर मारील.

आणि औषध घेणाऱ्यांचे काय? जे ज्ञान एवढ्या जिवांच्या मोलाने मिळाले, ते आपण वाया घालवतो, हे आपले पाप आहे. अंगदुखीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मूत्रपिंड नासू शकते, हे ठाऊक असून बिड्या वळणाऱ्या आपल्या भगिनींना ते कोणी सांगत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. डॉक्टरांनी दिलेली गोळी बरे वाटते म्हणून परस्पर बंद करू नये. उपासनेनंतर रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन बसायला मंडळीतील एखादी परिचारिका सहज तयार होईल. वडीलमंडळाने डायलिसिसला जाणाऱ्यांच्या गाडीभाड्यासाठी वेगळी पेटी ठेवावी. यात आपल्याला काही खर्च येईल. दाविदाची शिकवण तीच आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. चिमण्यांचा पाठ शिकवताना एखादे मूल विचारील, "देव उंदीर पण मोजतो का?" हसून ते टाळू नका. "हो, मोजतो," असे सांगा, आणि त्यापुढे हेही सांगा की, म्हणूनच औषधाची गोळी हातात घेताना आभार मानायचे असतात.

त्या तरुणाचा प्रयोग पुढे पुरा झाला. अर्काचा काही उपयोग झाला नाही. औषध दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांत इतरांइतकाच वण आढळला. त्याने ते जसेच्या तसे लिहिले. मध्यंतरी तो त्या भगिनीच्या घरी गेला होता आणि आपले काम काय ते त्याने तिला सांगितले. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या उंदरांना दुखतं का रे?" तो म्हणाला, "दुखतं, मावशी. कमी दुखावं असं बघतो, पण दुखतं." ती थोडा वेळ आपल्या हातावरच्या सुयांच्या खुणांकडे पाहत बसली. मग म्हणाली, "मग नीट शिक बाबा. फुकट जाऊ देऊ नको."

पुढच्या प्रभुभोजनाला तो आला. ती त्याच्या पुढे दोन माणसे सोडून उभी होती.

सारी सृष्टी आजवर कण्हत आहे आणि देवपुत्रांच्या प्रकट होण्याची वाट पाहत आहे, असे पौल रोमकरांस लिहितो. त्या कण्हण्यात पिंजऱ्यातल्या उंदराचा आवाज आहे आणि यंत्राशेजारच्या खाटेवरच्या आमच्या भगिनीचाही आहे. जो दोन्ही ऐकतो, तो प्रभू आपल्यालाही दोन्ही ऐकण्यास कान देवो. आमेन.